जोगाईच्या आंब्यातील दासोपंतांचे देवघर : एका पदकर्त्याच्या घराचा विचार

(१) बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई हे गाव जुन्या लेखनात ‘जोगाईचे आंबे’ ह्या नावाने येते. निजामी अमलात त्यास मोमिनाबाद असेही म्हणत. बालाघाटाच्या डोंगराळ प्रदेशात, जयंती नदीच्या काठी वसलेले हे क्षेत्र तीन कारणांनी प्रसिद्ध आहे. पहिले, कोकणस्थांची कुलदेवता श्रीयोगेश्वरी हिचे हे स्थान होय. दुसरे, विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी येथे दाखविली जाते. तिसरे, सर्वज्ञ दासोपंतांनी आपल्या आयुष्याचा उत्तरभाग येथे घालविला आणि त्यांचे लेखन त्यांच्या वंशजांच्या देवघरांत रक्षिले गेले. पहिल्या दोन विषयांवर पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. तिसऱ्याविषयी जे लिहिले गेले ते बहुधा दासोपंतांस दत्तभक्त व गीताभाष्यकार मानून लिहिले गेले. ते पदकर्ते, म्हणजे रागतालांत बांधलेल्या गेय रचनांचे कर्ते होते, ही बाजू मागे राहिली. त्या बाजूने पाहता आंब्याचे देवघर हे एका रचनाकाराचे घर ठरते. अशा घरात नेमके काय जतन झाले आहे व काय झालेले नाही, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(२) प्रथम कालनिर्णय. दासोपंतांचा जन्म शके १४७३ च्या भाद्रपद वद्य अष्टमीचा मानितात. बेदरच्या सत्तेखालील नारायणपेठचे देशपांडे दिगंबरपंत हे त्यांचे वडील व पार्वतीबाई ही माता. समाधी शके १५३७ माघ वद्य षष्ठीची. येथे एक बारीकशी गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले म्हणजे इसवी सन निघतो हा स्थूल नियम आहे. भाद्रपदास तो लागू पडतो आणि जन्माचा सन १५५१ येतो. परंतु माघ मास इंग्रजी वर्ष पालटल्यानंतर येत असल्यामुळे तेथे एकोणऐंशी मिळवावे लागतात. तेव्हा समाधीचा सन १६१६ धरिला पाहिजे. अनेक पुस्तकांतून तो १६१५ असा छापलेला आढळतो, तो ह्या स्थूल नियमाचा परिणाम होय. आयुर्मान चौसष्ट वर्षांचे झाले. एकनाथांचा अंत शके १५२१ मध्ये झाला. सबब पैठण व आंबे ही दोन्ही स्थाने एकाच काळी मराठी वाङ्मयाच्या उद्योगाने गजबजलेली होती असे म्हणण्यास हरकत नाही.

(३) चरित्रातील मुख्य आख्यायिका सर्वश्रुत आहे. दिगंबरपंतांकडून सरकारी वसुलाचा भरणा वेळेवर झाला नाही म्हणून बेदरच्या बादशहाने त्यांच्या मुलास ओलीस ठेविले आणि मुदतीत रक्कम न आल्यास त्यास बाटविण्याचा हुकूम केला. मुदत संपताना दत्ताजी पाडेवार नामक एक अनोळखी मनुष्य आला. त्याने रक्कम भरून मुलास सोडविले व तो दिसेनासा झाला. तो प्रत्यक्ष दत्तात्रेय, हे ओळखून मुलाने पुढे घर सोडले. ह्या कथेस मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशी असलेले साम्य उघड आहे. तेथेही दरबार बेदरचाच आहे, तेथेही राजाचे देणे आहे, आणि तेथेही देव हलक्या मनुष्याच्या वेषाने येऊन ते फेडितो. एका कथेचा ठसा दुसरीवर उमटला असावा, असे मानण्यास जागा आहे.

तथापि कथेचा गाभा टाकून देण्यासारखा नाही. दासोपंतांच्या बालपणी बेदरास बहामनी राज्य उरलेले नव्हते. अली बरीद हा बरीदशाही पुरुष तेथे राज्य करीत होता. चोहोंकडून मोठ्या शाह्यांनी वेढलेल्या अशा लहान राज्यास रोकड वसुलाची निकड असणे व त्यासाठी वतनदाराचा मुलगा अडकवून ठेवणे हे त्या काळास धरून आहे. ग्रंथांतून आपली मुद्रा घालताना दासोपंत स्वतःस ‘दिगंबरानुचर’ म्हणवितात. दिगंबर हे दत्ताचे नाव, तसेच पित्याचेही. ज्याच्या देण्यापायी बंदी व्हावे लागले तो पिता आणि ज्याने ते देणे फेडिले तो देव, हे दोघेही त्या एका शब्दात सामावले आहेत. हे केवळ योगायोगाने घडले असेल, पण ती मुद्रा वाचताना पित्याची आठवण टाळता येत नाही.

घर सोडल्यावर ते नांदेडावरून मातापुरास, म्हणजे माहुरास गेले. तेथे बारा वर्षे दत्तसेवा करून पुढे गोदाकाठच्या राक्षसभुवनास आले. तेथील वाळवंटात त्यांस दत्तपादुका सापडल्या असे सांगतात. हे राक्षसभुवनही बीड जिल्ह्यातलेच. १० ऑगस्ट १७६३ च्या दिवशी थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला तो ह्याच ठिकाणी. तेथून आंब्यास आल्यावर सितोपंत देशपांडे यांनी त्यांस आश्रय दिला आणि दासोपंत येथेच स्थिर झाले. गावाजवळ नृसिंहतीर्थावर त्यांची समाधी आहे.

(४) आता देवघराविषयी. दासोपंतांच्या वंशजांची ‘थोरले देवघर’ व ‘धाकटे देवघर’ अशी दोन घरे आंब्यास प्रसिद्ध आहेत. देवघर ह्या शब्दाकडे लक्ष द्यावे. युरोपात रचनाकारांची घरे जतन करण्याची रीत आहे. साल्झबुर्ग येथील मोत्सार्टच्या जन्मघरात १८८० पासून संग्रहालय आहे. बॉन येथील बेथोवेनचे जन्मघर पाडले जाऊ नये म्हणून तेथील नागरिकांनी १८८९ मध्ये मंडळ स्थापिले आणि १८९३ मध्ये ते घर लोकांस खुले केले. त्या घरांतून वाद्ये, पत्रे, हस्तलिखिते मांडून ठेविलेली असतात आणि जाणारा मनुष्य प्रेक्षक असतो. आंब्याच्या देवघरात जाणारा मनुष्य दर्शनार्थी असतो. तेथील वस्तू पाहण्याकरिता मांडलेल्या नसून पूजेकरिता ठेविलेल्या आहेत. हा भेद केवळ भावनेचा नव्हे, इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. चार शतकांत ह्या प्रदेशावरून बरीदशाही, निजामशाही, मोगल व असफजाही अशी राज्ये गेली. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९६० मध्ये हा भाग महाराष्ट्र राज्याचा घटक झाला. ह्या सर्व उलथापालथींत कोणत्याही सरकारी दप्तरखान्याने दासोपंतांचे कागद सांभाळले नाहीत. ते सांभाळले नित्यपूजेने. जी वस्तू देवापुढे आहे ती विकली जात नाही, रद्दीत जात नाही आणि सहसा उसनीही दिली जात नाही. आपल्याकडील पोथ्यांच्या रक्षणाचे हेच एक खरे बळ होते.

ह्या घरातील सर्वांत अपूर्व वस्तू म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाड वस्त्र. असे सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद कापड घेऊन त्यावर दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तविषय ओवीबद्ध लिहिला. कापडावर लिहिणे ही गोष्ट सर्वस्वी नवी नव्हती. कर्नाटकात चिंचोक्याची खळ व कोळसा चढवून काळ्या केलेल्या कापडी घड्यांवर व्यापारी आपले हिशेब लिहीत, त्यांस कडते म्हणत. परंतु एवढ्या विस्ताराचा तत्त्वग्रंथ एका अखंड वस्त्रावर उतरविल्याचे दुसरे उदाहरण मराठीत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. कागद पुरेना म्हणून वस्त्र घेतले, असे परंपरा सांगते. आणखीही एक तर्क करण्याजोगा आहे. पंचीकरणाचे गणित असे : प्रत्येक स्थूल भूतात स्वतःचा अर्धा भाग आणि इतर चार भूतांचा प्रत्येकी एक-अष्टमांश. चार अष्टमांश मिळून अर्धा, आणि दोन अर्धे मिळून एक. हा विषय स्वभावतःच कोष्टकाचा आहे. पाने उलटीत वाचण्यापेक्षा सर्व मांडणी एका दृष्टिक्षेपात येणे त्यास अधिक सोयीचे. शिष्यांपुढे भिंतीवर वा जमिनीवर पसरून शिकविण्यासाठी हे वस्त्र योजिले असल्यास नवल नाही. ज्याने फळ्यापुढे उभे राहून आयुष्य काढले त्यास हा तर्क सहज सुचतो, इतकेच त्याचे मूल्य. त्याचा निर्णय वस्त्राच्या घड्या, झीज व डाग यांच्या सूक्ष्म पाहणीनेच लागेल.

(५) पदांकडे वळू. दासोपंतांच्या पदसंग्रहास ‘पदार्णव’ म्हणतात आणि त्यात सव्वा लक्ष पदे होती अशी समजूत आहे. ‘गीतार्णव’ ह्या गीताटीकेच्या ओव्याही सव्वा लक्षच सांगतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार, तेव्हा गीतार्णव तिच्या जवळजवळ चौदापट झाला. हे कितपत शक्य आहे ते पडताळून पाहू. वयाच्या चोविसाव्या वर्षी लेखन आरंभिले असे उदारपणे धरिले तरी चाळीस वर्षे, म्हणजे सुमारे १४,६०० दिवस हाती येतात. त्या मानाने रोज साडेआठ पदे व साडेआठ ओव्या पडतात. शिवाय ग्रंथराज, गीतार्थचंद्रिका, पासोडी व संस्कृत रचना वेगळ्याच. हे अशक्य म्हणता येत नाही. रोज एक ढबूची शाई त्यांस लागे, अशी जी आख्यायिका आहे ती ह्याच अखंड उद्योगाची साक्ष होय. तथापि दोन निरनिराळ्या ग्रंथांची संख्या नेमकी सारखी आणि तीही सव्वा लक्ष असावी, हे संशयास्पद आहे. जपाची व पार्थिव लिंगांची संख्याही आपल्याकडे सव्वा लक्ष हीच पूर्णतेची मानितात. तेव्हा ही मोजदाद नसून गौरव आहे असे धरणे बरे. आज उपलब्ध असलेली पदे त्या संख्येचा एक लहानसा अंश आहेत. वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त दासोपंतांच्या प्रचंड लेखनाकडे वाचकांचे लक्ष वेधिले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी दासोपंतचरित्राचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. परंतु ह्या दोन्ही उद्योगांचा विषय कवी होता, गायक नव्हता.

(६) येथे मुख्य प्रश्न उपस्थित होतो. पदांवर रागांची व तालांची नावे आहेत, स्वर नाहीत. मोत्सार्टच्या घरातील कागद उघडला असता जाणत्यास त्याची चाल वाजविता येते. दासोपंतांचे पद उघडले असता शब्द मिळतात, रागाचे नाव मिळते, चाल मिळत नाही.

हा आमच्या अज्ञानाचा परिणाम होता काय? मुळीच नव्हे. स्वरलेखनाची विद्या ह्या भूमीस ठाऊक होती. पुदुक्कोट्टै प्रांतातील कुडुमियामलै येथे सातव्या शतकातला स्वरांचा शिलालेख आहे. आणखी जवळचे उदाहरण पाहावयाचे तर शार्ङ्गदेवाचे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबखात्याचा अधिकारी असलेल्या ह्या पंडिताने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचिला आणि त्यात स्वराक्षरे देऊन चाली लिहिल्या. त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याने आंब्यास देवळे बांधिली व शिलालेख कोरविले. म्हणजे ज्या राजाच्या पदरी स्वर लिहिले गेले त्याच राजाच्या सेनापतीचे हे गाव. तरीही साडेतीन शतकांनंतर येथे पदे रचणाराने स्वर लिहिले नाहीत. ह्याचे कारण असे की, पदाचे खरे पुस्तक शिष्याचे मुख हे होते. रागाचे नाव ही जाणत्याकरिता केलेली खूण होती. गुरूपासून ज्याने पद घेतले त्यास एवढी खूण पुरे, आणि ज्याने घेतले नाही त्याच्यासाठी ती लिहिलेलीच नव्हती. पुढे मुख थांबले आणि खूण मात्र कागदावर राहिली.

(७) आता कोणी म्हणेल, रागाचे नाव आहे ना, मग त्या रागात आज गावे. यात मोठा धोका आहे. रागांची नावे टिकली तरी त्यांची रूपे पालटली आहेत. लोचनाच्या ‘रागतरंगिणी’त तोडी म्हणून जे स्वर सांगितले आहेत ते आजच्या भैरवीशी जुळतात, ही गोष्ट पंडित भातखंडे यांनी दाखवून दिल्यापासून सर्वमान्य आहे. तेव्हा सोळाव्या शतकातील पदावर अमुक राग लिहिला आहे म्हणून आजच्या त्या रागात ते म्हणणे म्हणजे जुन्या दस्तऐवजातील नाण्याच्या नावावरून आजच्या रुपयांत हिशेब करण्यासारखे आहे.

साधने मात्र अगदीच नाहीत असे नव्हे. रामामात्याचा ‘स्वरमेलकलानिधि’ इ. स. १५५० चा, दासोपंतांच्या जन्माच्या आदल्या वर्षीचा. पुंडरीक विठ्ठल हा मूळचा कर्नाटकातील पंडित खानदेशात बुऱ्हाणखान फारुकीच्या आश्रयास होता. त्याची ‘रागमाला’ शके १४९८ (इ. स. १५७६) ची, म्हणजे दासोपंतांच्या पंचविशीतली. एकाने दक्षिणेची पद्धती सांगितली, दुसऱ्याने दक्षिणेची विद्या घेऊन उत्तरेचे राग लिहिले. बालाघाट ह्या दोहोंच्या मध्ये पडतो. तिसरा साक्षी विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा (राज्यकाल १५८० ते १६२७). त्याच्या ‘किताब-इ-नवरस’ ह्या ग्रंथात दखनी भाषेतील गाणी रागवार लाविलेली आहेत आणि गणपती-सरस्वतींची स्तुतीही आहे. एकाच काळी विजापूरच्या तख्तावरील सुलतान आणि आंब्याच्या देवघरातील दत्तभक्त हे दोघेही रागांच्या मथळ्याखाली पदे लिहीत होते. राज्ये वेगळी, दैवते वेगळी, पण गाण्याचे कोष्टक एकच, हा दख्खनच्या इतिहासातील एक महत्त्वाचा मुद्दा होय. दासोपंतांच्या पदांतील रागनामांची सूची करून ती ‘नवरसा’तील व पुंडरीकाच्या सूचीशी ताडून पाहिल्यास बेदर-आंबे-विजापूर ह्या टापूत त्या काळी कोणते राग प्रचारात होते ते बऱ्याच निश्चयाने सांगता येईल. इतके केले तरी चाल सापडणार नाही, पण चालीचे क्षेत्र ठरेल. पदाची मात्रागणना, ध्रुवपदाची जागा आणि यमकांचे अंतर पाहून तालाचा सांगाडाही बसविता येईल. शाळेत मुले पद वाचू लागली म्हणजे गद्याप्रमाणे वाचितात, पण टाळी देऊन वाचावयास लाविले की कोणते अक्षर लांबवावयाचे ते त्यांस न सांगता समजते. शब्दांतच एवढा ताल शिल्लक असतो.

(८) ह्या प्रयत्नास एक आदर्श उपलब्ध आहे. ताळ्ळपाक अन्नमाचार्य (निधन १५०३) यांची तेलुगु पदे ताम्रपटांवर कोरलेली असून तिरुमलच्या देवळातील एका कोठडीत ती शतकानुशतके पडून होती. १९२२ च्या सुमारास ती प्रकाशात आली. परंपरेने बत्तीस हजार म्हटलेल्या पदांपैकी निम्म्याहूनही कमी हाती लागली. तेथेही अवस्था हीच : रागाचे नाव आहे, स्वर नाही. पुढे राळ्ळपल्ली अनंतकृष्ण शर्मा आदी विद्वान गायकांनी शंभरांवर पदांस नव्या चाली लाविल्या आणि आज ती आंध्र-तेलंगणात घरोघर गाइली जातात. ह्यात एक शिस्त पाळिली गेली. शब्द अन्नमाचार्यांचे आणि चाल अमक्याची, हे स्वच्छ सांगितले गेले. दासोपंतांच्या पदांसही नव्या चाली अवश्य लावाव्या, पण त्या जुन्या म्हणून मिरवू नयेत. उलट, कीर्तनकारांच्या व उत्सवप्रसंगी गाणाऱ्यांच्या मुखी एखादी परंपरागत चाल उरली असल्यास ती प्रथम टिपून घ्यावी. भातखंड्यांनी घराणेदार गवयांच्या मुखातून चिजा घेऊन त्या स्वरलिपीत उतरविल्या, त्याच रीतीने हे काम व्हावयास पाहिजे. पासोडीचे वस्त्र आणखी काही काळ टिकेल, पण वृद्ध गायकाचा कंठ तितका थांबत नाही. म्हणून क्रम लावावयाचा तर कंठ आधी, कापड मागून.

(९) कागदपत्रे बाहेर काढण्याविषयी मात्र सावधगिरी हवी. ह्याच जिल्ह्याने ती शिकविली आहे. बीडजवळील पाटांगण येथे राजवाड्यांस ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिच्यावरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापिली आणि मराठी व्याकरणाच्या अभ्यासास नवी दिशा दिली. पुढे ती मूळ पोथी नाहीशी झाली. छापील प्रत राहिली, पण तिच्यातील एखाद्या रूपाविषयी शंका आल्यास मूळ पाहण्याची सोय राहिली नाही, आणि त्या पोथीच्या काळाविषयीचा वाद कायमचा अनिर्णित राहिला. राजवाड्यांच्या उपकाराखाली आपण सर्व आहोत. त्यामुळेच ह्या हानीचे मोल आपणांस नीट कळावयास पाहिजे. मूळ वस्तू जेथे आहे तेथेच ठेवावी आणि तिची छाया घ्यावी, हा नियम त्यातून निघतो. हल्ली छायाचित्रणाची साधने इतकी सुलभ आहेत की पासोडीचा प्रत्येक हात न हलविता, न दुमडता, पूर्ण आकारात टिपता येईल. ज्यांनी चारशे वर्षे जपले त्यांच्या हातून ती वस्तू काढून घेण्याचे कारणच राहिलेले नाही.

(१०) देवघराचे संग्रहालय करावे काय, असा प्रश्न काही जण करितात. आमच्या मते देवघर देवघरच राहावे, कारण पूजा थांबली की रक्षणाचे मूळ कारणच नाहीसे होते. परंतु त्याच्या शेजारी अभ्यासाची सोय असावी. तेथे पासोडीची पूर्णाकृती छाया, पदार्णवाच्या उपलब्ध पोथ्यांची पाठभेदांसह सूची, रागनामांचे कोष्टक आणि टिपलेल्या चाली अशा चार गोष्टी ठेवाव्या. ह्यास विशाल इमारत वा मोठा खर्च नको. संस्कृत व मोडी-बाळबोध वाचणारा एक, गाणे जाणणारा एक आणि वंशजांचा विश्वास संपादन केलेला एक, अशी तीन माणसे दोन वर्षे बसली तर हे काम उरकेल.

माघ वद्य षष्ठीस दासोपंतांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी आंब्यास जमणाऱ्या वृद्धांपैकी ज्यांस एखादे पद चालीसह येत असेल त्यांची नुसती यादी झाली तरी आरंभ झाला असे म्हणता येईल. पोथीचे संशोधन पुढच्या पिढीसही करिता येईल, ही यादी मात्र ह्याच पिढीने केली पाहिजे. संशोधक मंडळाच्या मराठवाड्यातील सभासदांनी ह्या कामी पुढाकार घ्यावा, अशी त्यांस विनंती आहे.